उत्तरेकडचा अंधार

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईत ध्रुवप्रकाश दिसला. नॉर्वे-आइसलँडकडच्या लोकांना हिवाळाभर दिसतो तोच. रविवार होता. सूर्य मावळल्यावर आकाशात फिकट उजेड आला, रात्रभर त्याचे रंग पालटत राहिले, पहाटे तीनच्या सुमारास तो गडद जांभळा झाला आणि सोमवारचा सूर्य उगवेपर्यंत टिकला, अशी बातमी ६ तारखेच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली. समुद्राखालून जाणाऱ्या तारेवरचे संदेशही त्या रात्री काही तास खोळंबले. सूर्यावर झालेल्या एका प्रचंड उद्रेकाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं हादरलं होतं, की एरवी ध्रुवांजवळ राहणारा हा प्रकाश विषुववृत्ताच्या दिशेने कितीतरी खाली सरकला.

त्या रात्रीचं एकही छायाचित्र नाही. मुंबईत तेव्हा छायाचित्रकारांचा तुटवडा नव्हता. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती, भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. अडचण काचेची होती. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. एवढ्या थोड्या अवधीत रात्रीचा मंद उजेड तिच्यावर उमटणं अवघड होतं, आणि लाल रंग तर तिला दिसतच नसे. हर्मन फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेला इतर रंग दिसण्याची युक्ती शोधली ती पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये. ध्रुवप्रकाशाचं पहिलं छायाचित्र निघालं १८९२ मध्ये, नॉर्वेच्या उत्तर टोकाला. मार्टिन ब्रेंडेल यांनी ते घेतलं.

मी अजून फिल्मवर काम करतो, त्यामुळे ही हकिगत वाचल्यापासून ती रात्र मनातून जाईना. ध्रुवप्रकाशाचे फोटो काढायला लोक हजारो किलोमीटर जातात. मला वाटलं, आधी आपल्याच उत्तरेकडे तोंड करून एक रात्र उभं राहावं. आपल्याकडे असा प्रकाश पुन्हा कधी आला तर तो उत्तरेच्या क्षितिजावर शोधावा लागेल. ते क्षितिज आज कसं दिसतं? रात्रीचा मंद उजेड फिल्मवर घ्यायला जेवढा अंधार लागतो, तेवढा आपल्याकडे उरला आहे का? मुंबईहून उत्तरेला निघालं की महाराष्ट्र संपतो डहाणू-तलासरीला. म्हणून तिकडे गेलो. दिवस निवडले वाघबारशीचे. आश्विनातली वद्य बारस म्हणजे चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. भात कापणीला आलेलं असतं आणि पाड्यांवर तारपा वाजत असतो.

२०१३ च्या एप्रिलपासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. विरार मागे पडलं की डब्यातली गर्दी विरळ होते. वैतरणेची खाडी येते, मग पिवळी पडलेली खाचरं, ताडाची झाडं, मिठागरांचे चौकोन. पालघर, बोईसर, वाणगाव आणि डहाणू. स्टेशनाबाहेर चिकूच्या पाट्या मांडून बायका बसलेल्या असतात. चिकूच्या बागा इथल्या इराणी कुटुंबांनी वाढवल्या, आणि त्या बागांतून राबणारे हात बहुतेक वारल्यांचे.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. भरती ओसरली होती. पाण्यावर मासेमारी होड्यांचे दिवे लागले, किनाऱ्यावर औष्णिक वीजकेंद्राची पावणेतीनशे मीटर उंच चिमणी आणि तिच्या अंगावरचे लाल दिवे. तरीही डोक्यावर आकाशगंगा दिसत होती. ठाण्यात वाढलेल्या मुलांना आकाशगंगा पुस्तकातल्या चित्रावरून माहीत असते. इथे, लोकल जिथवर येते तिथे, ती नुसत्या डोळ्यांना दिसते. यामागे एक सरकारी कागद आहे. २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि इथल्या उद्योगांना मर्यादा घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षं त्याचं काम पाहिलं. जंगल, बागा आणि समुद्र राखण्यासाठी ही धडपड झाली. तिच्यामुळे रात्रही राखली गेली, हे मात्र कुठे नोंदवलेलं नाही. दिल्ली-मुंबईच्या हमरस्त्यावर, तारापूर आणि वापी या दोन उद्योगनगरींच्या मधोमध, एवढा काळोख शिल्लक राहिला तो या निर्बंधांच्या आडोशाने.

रात्री महालक्ष्मीच्या डोंगराकडे निघालो. विवळवेढ्याला महामार्गाच्या कडेलाच देवीचं मंदिर आहे आणि मागे आकाशात घुसलेला सुळका. चैत्री पौर्णिमेला इथे जत्रा भरते, ती पंधरा दिवस चालते. वाघाडी गावचे सातवी घराण्यातले पुजारी मध्यरात्री देवीचा ध्वज घेऊन तो अवघड कडा चढतात. या डोंगराचा मोठा सोहळाही रात्रीचाच. जत्रा नसली की मात्र तिथे शुकशुकाट असतो. महामार्गापासून बरंच आत, सुळका उत्तरेला येईल अशा बेताने, एका कापलेल्या खाचरात शेतमालकाची परवानगी घेऊन तिवई उभी केली.

ध्रुव तारा शोधायला इथे सोपी खूण आहे. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवायची. दोन मुठींच्या वर, सुमारे वीस अंशांवर ध्रुव दिसतो, कारण डहाणूचा अक्षांशच तेवढा. नॉर्वेतल्या ट्रोम्सो गावी तो जवळजवळ सत्तर अंशांवर, डोक्याकडे असतो. आश्विनात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली गेलेले असतात, त्यामुळे ध्रुव शोधायला शर्मिष्ठेची मदत घ्यावी लागते. ती ईशान्येला वर आलेली होती, तिच्या खालून ययाती चढत होता आणि पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका.

कॅमेरा निकॉन एफएम२. त्याचा शटर यांत्रिक आहे, तास तास उघडा ठेवला तरी बॅटरी खर्च होत नाही. ट्राय-एक्सचा रोल घातला, छिद्र एफ ८ वर आणलं, शटरला केबल लावली आणि खटका दाबून अडकवून ठेवला. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे तासभर शटर उघडा राहिला की प्रत्येक ताऱ्याचा पंधरा अंशांचा कंस फिल्मवर उमटतो आणि ध्रुव जवळजवळ जागीच राहतो. दवाने लेन्सवर धुकं धरू नये म्हणून तिच्याभोवती लोकरी पट्टी गुंडाळली होती.

मंद उजेडात फिल्मचा एक स्वभाव कळतो. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट करावा, हा हिशेब दिवसा चालतो. रात्री चालत नाही. फिल्मवरचा चांदीच्या क्षाराचा कण जागा व्हायला प्रकाशाचे काही कण जवळजवळ एकदमच यावे लागतात. ते रेंगाळत, एकेक करून आले तर आधीच्याचा परिणाम पुढचा येण्याआधीच विरतो. कोडॅकच्या ट्राय-एक्सच्या माहितीपत्रकात याचे आकडे आहेत. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक एक सेकंद म्हणाला तर दोन द्यायचे, दहा म्हणाला तर पन्नास, आणि शंभर म्हणाला तर बाराशे, म्हणजे वीस मिनिटं. ध्रुवप्रकाश फिल्मवर घेणाऱ्यांना याच हिशेबाशी झुंजावं लागतं, कारण तो प्रकाश हलत असतो. जास्त वेळ द्यावा तर त्याचे पडदे एकमेकांत मिसळतात, कमी द्यावा तर फिल्म जागीच होत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत हाच स्वभाव उपकारक ठरतो. आकाशाचा सर्वत्र पसरलेला मंद उजेड फिल्मवर कमी उमटतो आणि ताऱ्यांच्या रेषा काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. पण हे अंधार पुरेसा असेल तरच. गावा-कारखान्यांचा उजेड आकाशात भरला, तर तासाभरात सगळी फिल्म करडी होते.

शटर उघडा असताना करण्यासारखं काही नसतं. बसून राहायचं. लांबून महामार्गावरच्या ट्रकांची घरघर येत होती, जवळच्या पाड्यावर कुत्रं भुंकत होतं. सुळका आधी नुसता काळा दिसत होता. डोळे अंधाराला सरावल्यावर त्याच्या कडेची झाडं एकेक वेगळी दिसू लागली. अर्ध्या तासाने स्वतःचे हात दिसायला लागले. नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात माणसाला एवढं दिसतं, हे मी त्या खाचरात प्रथमच अनुभवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंजाडला गेलो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या आधी वारली चित्र घरातल्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी, सवासिनी काढत. पालघट देवीचा चौक, त्याच्या आत देवी, बाजूला सूर्य आणि चंद्र. चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकात इथे आले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्यांनी ती चित्रं लग्नघराबाहेर, जगभर नेली.

एका घराच्या ओटीवर चित्राच्या अगदी जवळ बसून पाहिलं. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू. वाटीत तांदळाचं पाणीदार पीठ. बांबूची काडी टोकाशी चावून तिची कुंची केलेली. चित्र काढणारी बाई काडी पिठात बुडवायची, आणि दोन त्रिकोण टोकाशी टोक जुळवून मांडले की माणूस उभा राहायचा. पीठ ओलं असताना रेघ जेमतेम दिसते. वाळत जाईल तशी ती पांढरी होत भिंतीतून वर येते. मी तिथे बसलो असताना नाचाचं एक कडं असं हळूहळू उजळत गेलं. डार्करूममध्ये ट्रेमधल्या कागदावर चित्र असंच वर येतं. आधी काहीच नाही, मग कडा, मग सगळं. इथल्या लोकांनी रंग म्हणून एकच पांढरा घेतला आणि बाकी सगळी जागा गडद ठेवली. अंधार किती ठेवायचा याचं त्यांचं भान मला कोणत्याही छायाचित्रकारापेक्षा पक्कं वाटलं.

तलासरीला माझा एक मित्र आश्रमशाळेत शिकवतो. त्याच्या ओळखीने पुढची रात्र एका पाड्यावर काढली. जाताना त्याने झरी गावाचा रस्ता दाखवला. २३ मे १९४५ ला तिथे वारल्यांची परिषद भरली, आणि वेठबिगारीला नकार द्यायचं त्यांनी ठरवलं. किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच वारली मारले गेले. जेठ्या गांगड त्यातला एक. तेव्हाची आठवण गाण्यांत आणि सांगण्यांत टिकली आहे. अलीकडचीही एक आठवण पाड्यावर निघाली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. घरं तडकली, आणि ऐन थंडीत कित्येक कुटुंबं महिनोन्महिने अंगणात, तंबूत झोपली. “तवा रातभर चांदण्याच बघायचो,” घरची म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात भीती होती, आणि चांदण्यांची ओळखही होती.

वाघबारशीला गावाबाहेरच्या वाघदेवाची पूजा होते. लाकडी खांबावर कोरलेला वाघ, आणि त्याच्या वर सूर्य नि चंद्र. शेंदूर नुकताच लावलेला होता. रात्री खळ्यावर शेकोटी पेटली आणि तारपकऱ्याने तारपा हातात घेतला. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा गुंडाळलेला लांब कर्णा. हवा फुंकणं एकदा सुरू झालं की तोडायचं नाही, तो नाकाने श्वास घेत गालांतली हवा सोडत राहतो. सूर अखंड चालतो. बाया-बाप्ये एकमेकांच्या कंबरेभोवती हात घालून रांग धरतात, पुढचा घुंगराची काठी आपटत पावलं बदलायला सांगतो, आणि तारपकरी वळेल तिकडे ती रांग वळते. त्याच्याकडे पाठ कुणी करत नाही.

फोटो घेऊ का, असं आधी सगळ्यांना विचारलं. फ्लॅश वापरणार नाही हेही सांगितलं.

“मग एवढ्या काळोखात येल का फोटो?” म्हातारीने विचारलं.

“येईल आजी. जरा वेळ लागेल.”

“लागू दे. आमी काय सकाळपर्यंत हायच.”

खळ्याशेजारच्या बांधावर, कडं वरून दिसेल अशा जागी कॅमेरा ठेवला. काही फोटो सेकंदाच्या आठव्या भागाचे घेतले, शेकोटीच्या उजेडात चेहरे यावेत म्हणून. ते फिल्म जास्त वेळ धुऊन, म्हणजे पुश करून काढायचे. मग छिद्र बारीक केलं आणि रांगेची एक फेरी पूर्ण होईपर्यंत शटर उघडा ठेवला. शेकोटी, तिच्याभोवतीचं कडं, वर कृत्तिका. पुन्हा एक फेरी, पुन्हा एक फोटो.

मधे पाणी प्यायला खळ्यापासून दूर गेलो आणि उत्तरेकडे पाहिलं. तिथे क्षितिजावर नारिंगी उजेडाचा एक पट्टा होता. ध्रुव त्याच्या वर कसाबसा लुकलुकत होता. तो उजेड गुजरातेतल्या वापीकडच्या कारखान्यांचा. मित्र म्हणाला, तो रोजच असतो, वर्षागणिक थोडा वर चढतो. १८७२ मध्ये मुंबईने रात्रभर पाहिला तसा प्रकाश आज आला, तर तो नेमका याच पट्ट्यात येईल आणि याच पट्ट्यात बुडेल. १० मे २०२४ ला मोठं सौरवादळ झालं तेव्हा लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतून आकाश लाल झालेलं दिसलं. हानलेच्या भोवती अंधार जपला जातो, म्हणून तिथल्या कॅमेऱ्यांना ते टिपता आलं.

घरी येऊन फिल्म धुतली. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात, त्यामुळे तिच्यापुढे लाल दिवाही चालत नाही. पूर्ण अंधारात हाताने चाचपून ती रिळावर चढवायची आणि टाकीत घालायची. डी-७६ या रसायनात धुऊन, फिक्स करून ती उजेडात धरली. निगेटिव्हवर रात्र पारदर्शक असते आणि तारे काळे. महालक्ष्मीच्या फोटोत सुळका जवळजवळ कोरा होता आणि त्याच्यावर ध्रुवाभोवतीचे काळे बारीक कंस, एकात एक. उत्तरेकडची खालची कड मात्र करडी झालेली. तलासरीच्या निगेटिव्हमध्ये माणसं वेगळी दिसत नव्हती, शेकोटीभोवती एक जाड वलय होतं आणि मधोमध, जागेवरून फारसा न हललेला, कर्णा खाली धरलेला तारपकरी. कागदावर उतरवल्यावर ते वलय पांढरं झालं. गंजाडच्या भिंतीवर वाळत वर आलेलं कडं आणि हे कडं शेजारी ठेवली, तर कुठलं काडीने काढलंय आणि कुठलं कॅमेऱ्याने, हे क्षणभर कळणार नाही. त्याच्या प्रती पाड्यावर पाठवल्या.

या भागाचा अंधार आता फार दिवसांचा सोबती नाही, असं दिसतं. वाढवणला मोठं बंदर व्हायचं आहे. १९९८ मध्ये ते डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारलं होतं, २०२३ मध्ये अटींसह मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. मच्छीमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढत आले आहेत, आणि त्यांची माशांची, किनाऱ्याची चिंता माझ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. बुलेट ट्रेनचे खांबही याच तालुक्यांतून चाललेत. ही कामं होतील तेव्हा त्यांच्या दिव्यांचा विचार आजच व्हायला हवा. दिव्याला वरून झाकण असावं, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल. रंग पिवळसर असावा. काम नसेल तिथे मध्यरात्रीनंतर तो मंद करावा. यातल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही, आणि हानलेभोवती अशाच नियमांनी रात्र राखली जाते.

मुंबईने एकदा आपलं चुंबकीय आकाश असंच जपलं होतं. कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेत १८५९ च्या सौर महावादळाची नोंद झाली होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्यामुळे चुंबकसूची चळेल हे ओळखून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. सूचीला धक्का लागू नये म्हणून तिथली इमारतही लोखंड न वापरता बांधली, आणि तिथल्या नोंदी आजही चालू आहेत. विजेचं स्वागत आणि वेधांची राखण दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. डहाणू-तलासरीच्या रात्रीसाठी तेवढाच विवेक पुरेसा आहे. तो दाखवला, तर सूर्य पुन्हा कधी १८७२ सारखा खवळला की महालक्ष्मीच्या पायथ्याशी तिवई मांडून बसलेल्या माणसाला त्याचा फोटो मिळेल, आणि खळ्यावर नाचणाऱ्यांना तो फोटोशिवायही दिसेल.